नोकरी सोडून पूर्णवेळ लिखाण, तेही लहान मुलांसाठी: घर चालेल का?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका कंपनीत कंटेंट रायटर आहे, वय ३४, घरी नवरा, साडेपाच वर्षांची लेक आणि सासूबाई. दिवसभर इन्शुरन्सचे मेल आणि अ‍ॅपमधल्या सूचना लिहायच्या, एका बटणावर कुठले दोन शब्द टाकायचे यावर पाऊण पाऊण तास मीटिंग चालते, डोकं उठतं अगदी. लेकीला रात्री गोष्टी सांगता सांगता त्या लिहून ठेवायला लागले, त्यातल्या काही मुलांच्या मासिकांत आल्या, एक दिवाळी अंकात आली आणि आता हा किडा काही डोक्यातून जात नाहीये. नोकरी सोडून फ्रीलान्स करावं आणि मुलांची पुस्तकं लिहावीत असं मनात आहे.

आता एका प्रकाशकांनी विचारलंय. पाच चित्रगोष्टी, सगळ्यांचे मिळून एकरकमी २५ हजार. करारात लिहिलंय 'सर्व हक्क, सर्व भाषा, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी'. माणसं बोलायला चांगली आहेत, पुस्तकं पण सुंदर काढतात. पण ते कायमस्वरूपी वाचून पोटात गोळा आला.

तर प्रश्न असे की यावर घर चालतं का, म्हणजे खरंच कुणाचं चालतंय का? ही सही करू का? चित्रं माझी एक मैत्रीण छान काढते, तर गोष्टी तिच्या चित्रांसकट पाठवायच्या का? आणि टॅक्सचं काय, पगारात सगळं आपोआप कापून जायचं, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही.

'मनाचं ऐक' टाइप सल्ले प्लीज नकोत, ते नवरा देतोय. आकडे सांगा.

शाईचा_डाग

आकडे हवेत ना, घ्या.

समजा ३२ पानी रंगीत पुस्तक आहे, किंमत १२० रुपये. रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रतीमागे लेखकाला मिळणारा वाटा, साधारण छापील किमतीच्या १० टक्के धरू, म्हणजे प्रतीमागे १२ रुपये. चित्रपुस्तक असेल तर त्यातले निम्मे चित्रकाराचे आणि ते योग्यच आहे कारण त्याचं काम तुमच्यापेक्षा जास्त असतं. तुमच्या हातात सहा रुपये. मराठीत हजाराची आवृत्ती निघते, ती संपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. म्हणजे एका पुस्तकाचे सहा हजार, तेही तीन वर्षांत मिळून, आणि प्रकाशक दरवर्षी न मागता हिशोब पाठवणारा निघाला तर. पुण्यात सहा हजारात महिन्याचं वाणसामान पण येत नाही.

त्यामुळे मुलांच्या पुस्तकांवर घर चालतं का याचं उत्तर नाही. लिखाणावर चालतं का, तर हो, माझं चालतंय, पण त्यातला मोठा वाटा भाषांतराचा आहे, मग संस्थांसाठी शिक्षकांच्या पुस्तिका, वर्कबुकं, ऑडिओ गोष्टींच्या संहिता, सबटायटल्स. पुस्तकं शेवटी. साध्या मजकुराचं इंग्रजी-मराठी भाषांतर आता बरंचसं मशीन करतं आणि आपल्याला 'जरा तपासून द्या' म्हणून निम्म्या दरात येतं, त्यामुळे त्या भरवशावर नोकरी सोडू नका. मुलांसाठीचं काम मात्र अजून माणसाकडे येतंय, कारण मशीनने केलेली बडबडगीतं मोठ्याने वाचून बघा एकदा, ठेक्याचा पत्ता नसतो.

माझं मत: आत्ता राजीनामा नको. आधी दोन कायमची गिऱ्हाइकं धरा, जी दरमहा ठरलेलं काम आणि ठरलेली रक्कम देतील. ती पगाराच्या निम्म्यावर आली आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत पडला की मग राजीनामा लिहा, बायको-नवरा दोघं मिळून.

आणि पैसे वेळेवर येत नाहीत हे आत्ताच मनात पक्कं धरा. एका शैक्षणिक अ‍ॅपवाल्यांनी माझं बिल इतकं लांबवलं की शेवटी तिथला मला ओळखणारा माणूसच नोकरी सोडून गेला. त्यानंतर मी उद्यम नोंदणी केली, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंद, ती ऑनलाइन होते आणि फुकट असते, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने समोरच्याने लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरलेलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं. व्याज मी आजवर कुणाकडून घेतलेलं नाही. पण बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि ही एक ओळ छापली की अकाउंट्सवाल्यांचा सूर बदलतो हे मात्र खरं.

टॅक्सचं रात्री लिहितो, आत्ता एक डेडलाइन डोक्यावर बसलीये.

चहाबिस्किट

वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं.

झणझणीत

सगळे घाबरवताय उगाच. पाटीपेन्सिल, सही करून टाक. शाईचा_डाग यांच्याच हिशोबाने पाच पुस्तकांचे तीन वर्षांत ३० हजार होतात, तेही विकली गेली तर. इथे २५ आज रोख मिळतायत. पहिलं पुस्तक हे व्हिजिटिंग कार्ड असतं, त्याच्यावर पुढची कामं येतात. हक्क हक्क करत बसलीस तर हस्तलिखित कपाटातच राहील. पाच गोष्टी दिल्यास म्हणून काय झालं, सहावी सुचणार नाहीये का?

दोन_कॉलमी

मी मुलांच्या मासिकाच्या संपादनात बरीच वर्षं काढलीयेत, सध्या पुस्तकांचं काम बघते. कराराचं जाणकार बोलतील, मी लिखाणाचं बोलते कारण त्यावर कुणी काहीच लिहिलं नाहीये, जसं काही गोष्टी आपोआपच चांगल्या होतात.

चित्रांचं आधी. मैत्रिणीची चित्रं सोबत पाठवू नकोस. चित्रकार प्रकाशक ठरवतो. गोष्ट आवडली आणि चित्रं नाही आवडली तर दोन्ही परत येतात आणि मैत्री जाते ती वेगळीच. मैत्रीण खरंच चांगली असेल तर तिला तिच्या कामाचे नमुने स्वतंत्र पाठवायला सांग. स्वतः लिहिणारी आणि स्वतःच चित्रं काढणारी माणसं आहेत, माधुरी पुरंदरे आहेतच, पण त्यांचं उदाहरण सगळ्यांनी घ्यावं असं नाही, तेवढं दोन्ही हातांत असावं लागतं.

दुसरं, पानं मोजून लिही. छपाई फॉर्म्यात होते, फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापलेली १६ पानं, अर्धाही चालतो, म्हणून चित्रपुस्तकं १६, २४, ३२ अशी असतात. १६ पानांत आतलं टायटल आणि श्रेयांचं पान गेलं की गोष्टीला १२-१४ पानं उरतात. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गोष्टींत सहाव्या पानापर्यंत फक्त घराचं वर्णन असतं. कोरे कागद दुमडून स्टेपल मारून एक डमी कर आणि कुठलं वाक्य कुठल्या पानावर येतंय ते हाताने लिही. पान उलटायच्या आधी काहीतरी अडकलं पाहिजे, नाहीतर मूल पान उलटणार नाही, उठून जाईल. मोठे लोक लाजेखातर पुस्तक संपवतात, मुलं नाही.

आता एक उदाहरण, माझ्याकडे आलेल्या एका गोष्टीसारखं पण बदलून देते. 'संध्याकाळी सूर्य मावळल्यानंतर चिन्मय आपल्या प्रेमळ आजीबरोबर अंगणात गेला आणि त्याला झाडावर एक घुबड दिसले.' यात संध्याकाळ चित्रात आहे, अंगण चित्रात आहे, झाड आहे, आजी प्रेमळ आहे ते तिच्या चेहऱ्यावर आहे. मी काय ठेवीन? 'आजी, वर बघ!' एवढंच, आणि घुबड पुढच्या पानावर. आणि नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी असेल तर चिन्मयचा समीर करायचा, म्हणजे जोडाक्षरापाशी अडखळून गाडी थांबणार नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर पातळ्या लावलेल्या आहेत त्या बघ, पहिली पातळी साधारण २५० शब्दांच्या आत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत. लिहायच्या आधी आपण कुठल्या पातळीसाठी लिहितोय ते ठरलेलं असावं. तुझ्या लेकीसाठीची गोष्ट आणि पाचवीतल्या मुलासाठीची गोष्ट हे दोन वेगळे धंदे आहेत, एकाच फाइलमधे दोन्ही कोंबून लोक पाठवतात.

बोध. कृपा करून शेवटी 'मग बंटीला कळले की' नको. दिवसातून एक तरी येतो असा. मुलांना शाळेत, घरात, गाडीत, सगळीकडे बोधच मिळतो.

कुठे पाठवायचं तर बालभारतीचं किशोर मासिक आहे, १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत, पाठवायच्या आधी ते चाळ, एकेकाळी मराठीत मुलांसाठी कोण कोण लिहायचं ते कळेल. अगदी लहानांसाठी चिकूपिकू, जरा मोठ्यांसाठी वयम्, कुमारवयातल्यांसाठी छात्र प्रबोधन, आणि साधनाचा बालकुमार दिवाळी अंक. दिवाळी अंकाचं साहित्य पावसाळा सुरू व्हायच्या सुमाराला पाठव, गणपतीत पाठवलेलं पुढच्या वर्षीसाठी पण कुणी जपून ठेवत नाही. मजकूर युनिकोडमधेच हवा. जुन्या फॉन्टातली फाइल कन्व्हर्ट करताना रफार उडतात आणि 'सूर्य' भलताच काहीतरी होऊन बसतो, मग ते दुरुस्त करणारी मीच असते.

मासिकांच्या मानधनात घर चालत नाही, पण संपादकांच्या डोळ्यांसमोर नाव राहतं. आमच्याकडे पुस्तकासाठी लेखक शोधताना आम्ही पहिले मासिकंच काढून बसतो.

कलम_१९

झणझणीत यांच्याशी असहमत, आणि कारण नुसतं भावनिक नाहीये.

कॉपीराइट कायदा १९५७. फ्रीलान्स लेखिका म्हणून तुम्ही लिहिलेल्या गोष्टीच्या पहिल्या मालक तुम्हीच. तुम्ही हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं, म्हणजे तुमच्या नातवंडांनाही कदाचित त्यातून काही मिळेल. कलम १९ सांगतं की हक्क देणं हे लेखीच हवं आणि त्यात कुठला हक्क, किती मुदतीसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला किती हे असायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, हक्क परत येतात. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे, पण तुमच्या करारात 'कायमस्वरूपी' स्पष्ट लिहिलंय, तिथे ही पाच वर्षांची सोय लागू होत नाही. म्हणून तो एक शब्द महत्त्वाचा.

आता व्यवहार. चित्रगोष्टीत शब्द कमी असतात म्हणून ती दुसऱ्या भाषेत पटकन जाते. चेन्नईची तूलिका, आपली नॅशनल बुक ट्रस्ट, ही मंडळी एकच पुस्तक कित्येक भाषांत काढतात.  आज पाच हजाराला दिलेली गोष्ट उद्या कानडीत, हिंदीत पुस्तक म्हणून निघाली तर त्यातला एक रुपया तुम्हाला येणार नाही.

त्यांना सरळ मेल करा, भांडण नको, की मराठी छापील पुस्तकाचे हक्क पाच वर्षांसाठी देते, बाकीच्या भाषा, ऑडिओ, ई-बुक, दृश्य माध्यम माझ्याकडे. २५ हजार ही रॉयल्टीची आगाऊ रक्कम समजा, ती फिटली की पुढे टक्केवारी. मुखपृष्ठावर नाव. आवृत्ती संपून ठरावीक काळ पुनर्मुद्रण झालं नाही तर हक्क परत. ते सगळं मान्य करणार नाहीत, पण तीनातलं एक तरी मान्य करतील. चांगली पुस्तकं काढणारी माणसं आहेत असं तुम्हीच म्हणताय, मग विचारल्याने रागावणार नाहीत, आणि रागावले तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

स्टोरीवीव्हरचा विषय निघालाय तर तेही सांगतो, तिथल्या बहुतेक गोष्टी सीसी-बाय लायसन्सवर असतात, म्हणजे नाव देऊन कुणीही छापा, भाषांतर करा, विका. तिथे आपण डोळे उघडे ठेवून सगळ्यांना देतो आणि गोष्ट कुठल्या कुठल्या भाषांत पोचते. एकाच कंपनीला कायमचं देण्यात आणि यात फरक आहे, गल्लत नको.

आणि हो, कुणी 'तुम्ही २०० प्रती विकत घ्या मग छापतो' म्हणालं तर तो प्रकाशक नाही, प्रिंटर आहे. त्यापेक्षा स्वतः छापा, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. पहिल्या पुस्तकासाठी राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पण आहे, त्यात बालवाङ्मय धरतात.

झणझणीत

बरं बाबा, वकीलसाहेब जिंकले. पण २५ हजार सोडून देऊन शेवटी काहीच नाही आलं तर चहा तुमच्याकडून.

शाईचा_डाग

टॅक्स. वर्षाला एका कंपनीकडून ठरावीक रकमेच्या वर काम झालं की ते १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५० हजार आहे, आधी ३० होती. कापलेलं आयकर खात्याच्या पत्रकात आपल्या नावावर दिसतं का ते दर तिमाहीला बघायचं, दिसलं नाही तर लगेच मेल, मार्चनंतर कुणी फोन उचलत नाही. जीएसटी सेवांना वर्षाला २० लाखांच्या वर, त्यामुळे निवांत राहा, आपल्याला तो दिवस बघायला मिळाला तर पेढे वाटू.

पुस्तकांच्या रॉयल्टीला जुन्या आयकर कायद्याच्या ८०क्यूक्यूबी कलमाखाली तीन लाखांपर्यंत वजावट होती, एकरकमी हक्क दिल्याची रक्कमही त्यात बसायची, पण फक्त जुनी कररचना निवडली तरच आणि प्रकाशकाने १०सीसीडी फॉर्म दिला तरच. शाळेची पाठ्यपुस्तकं, मासिकातलं लिखाण, गाइडं यात येत नाहीत. २०२५ चा नवा आयकर कायदा आल्यापासून कलमांचे नंबर बदललेत तेव्हा सीएला 'लेखकाच्या रॉयल्टीची वजावट' असंच विचारा. बऱ्याच सीएंना हे माहीतच नसतं कारण एवढी रॉयल्टी मिळणारा मराठी लेखक त्यांच्याकडे कधी आलेलाच नसतो :)

लॅपटॉप, इंटरनेट, पुस्तकखरेदी यांची बिलं ठेवा.

खडूफळा

मी यवतमाळ जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. तुमच्या धंद्यातलं आपल्याला कळत नाही, पण गोष्टी रोज वाचून दाखवतो म्हणून लिहितोय.

मॅडम, पुस्तकातली लेकरं सगळी फ्लॅटमधेच काहून राहतात? लिफ्ट, वॉचमनकाका, स्विमिंग पूल. आमच्या वर्गात अर्धी लेकरं घरी कोलामी, म्हणजे कोलाम आदिवासींची भाषा, बोलतात, त्यांना शाळेतली मराठीच नवी, त्यात लिफ्टमधे अडकलेल्या मांजरीची गोष्ट. लिफ्ट समजावण्यात माझी तासिका गेली, मांजर राहिली बाजूला. असं नाही म्हणत की फक्त शेतातलंच लिहा, लेकरांना राक्षस, समुद्र, विमान सगळं चालतं, कारण ते कुणीच जवळून पाहिलेलं नसतं. पण लिहिणाऱ्याला जे रोजचं वाटते ते सगळ्यांचं रोजचं नसते एवढंच.

दुसरं म्हणजे छापायच्या आधी लेकरांसमोर वाचा, आणि स्वतःच्या लेकीसमोर नाही, ती आईचं कौतुकच करेल. अनोळखी वर्ग घ्या. मागे एका गोष्टीत पहिल्याच पानावर बकरी होती, नंतर लेखक तिला विसरूनच गेला. मोठ्यांच्या कुणाच्या लक्षात आलं नसेल. आमच्या वर्गात गोष्ट संपल्यावर एकच प्रश्न आला, 'सर, बकरी कुठं गेली?' दुसऱ्या दिवशी पण तेच. शेवटी लेकरांनीच बकरीची वेगळी गोष्ट केली आणि ती मूळ गोष्टीपेक्षा बरी झाली, खरं सांगतो.

कधी इकडे आलात तर या, मानधन नाही, पण पोहे आहेत.

दोन_कॉलमी

खडूफळा सर, ही बकरी मी आमच्या पुढच्या संपादकीय बैठकीत सांगणार आहे.

पाटीपेन्सिल

किती लिहिलंत सगळ्यांनी, काल रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचं 'मनाचं ऐक' आता 'सहा महिन्यांचा खर्च आधी' वर आलंय.

अपडेट: नोकरी आत्ता सोडत नाहीये. ऑफिसात आठवड्याला चार दिवस आणि त्या प्रमाणात कमी पगार असं विचारलंय, मॅनेजर नाही म्हणाली नाही, बघू. शुक्रवार भाषांतर आणि वर्कबुकवाल्यांसाठी, रात्री गोष्टींसाठी, असं डोक्यात आहे. पाचातल्या दोन गोष्टी डमी करून बघितल्या, त्यातली एक अकराव्या पानापर्यंत सुरूच होत नाही असं निघालं, ती आता पहिल्यापासून लिहितेय. जवळच्या म्युनिसिपाल्टीच्या शाळेत वाचायला परवानगी मागितलीये.

प्रकाशकांना कलम_१९ यांनी सांगितल्यासारखा मेल केला. त्यांचं उत्तर आलं: पाच वर्षं मान्य, भाषांचे हक्क माझ्याकडे मान्य, आगाऊ रक्कम २५ ची १५ होईल पण वर ८ टक्के रॉयल्टी देतील, चित्रकाराची वेगळी. ऑडिओ मात्र त्यांना हवाच आहे, म्हणतात त्यांचं स्वतःचं अ‍ॅप येतंय. अडून बसू का सोडून देऊ?

कलम_१९

छान झालं की, चित्रकाराची वेगळी म्हणजे ८ टक्के पूर्ण तुमचे. ते छापील किमतीवर आहेत का विक्रीतून हाती आलेल्या रकमेवर ते मात्र विचारून घ्या, दुकानदाराचं कमिशन वजा करून धरलं तर आकडा बराच खाली येतो. ऑडिओसाठी मधला मार्ग म्हणजे हक्क द्या, पण फक्त मराठी ऑडिओ आणि फक्त त्यांच्या अ‍ॅपपुरता. एका वर्षात रेकॉर्डिंग झालं नाही तर परत, आणि त्यातून येणाऱ्या उत्पन्नातला तुमचा हिस्सा आकड्यात लिहिलेला. 'परस्पर संमतीने ठरवू' असं लिहिलेलं असेल तर खोडायला सांगा. सही करायच्या आधी करार एकदा इथे टाका, नावं काढून, मी आणि शाईचा_डाग बघतो.

शाईचा_डाग

रविवारनंतर टाका हं, माझी डेडलाइन अजून आहे तिथेच आहे.